फॉरवर्ड केलं म्हणजे सही केली

या महिन्यात पत्रं आणि मेल मिळून बराच ढीग जमला होता आणि वाचताना लक्षात आलं की वेगवेगळ्या गावांतून, वेगवेगळ्या वयाच्या माणसांनी जवळजवळ एकच गोष्ट विचारलीय, की नेटवर वागायचं कसं. म्हणून बाकीचे प्रश्न (प्रिंटर, पेन ड्राइव्ह, स्लो मोबाईल) पुढच्या अंकात घेते आणि या वेळी फक्त हेच.

प्रश्न : ताई, आमच्या घरच्या ग्रुपवर ३४ जण आहेत. मोठे काका (वय ७१) रोज सकाळी दहा-पंधरा मेसेज टाकतात, त्यातले निम्मे खोटे असतात. मागच्या आठवड्यात त्यांनी 'मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आलीय' असा एक ऑडिओ टाकला. मी ग्रुपवरच लिहिलं की काका हे फेक आहे, तर ते चिडले, दोन दिवस बोलले नाहीत. बाबा मला म्हणाले मोठ्यांना असं चारचौघात बोलतात का. चूक माझी का त्यांची?
— एक कॉलेजकन्या, नाशिक

उत्तर : अगं, खोटं आहे हे सांगितलंस ते बरोबरच केलंस, फक्त जागा चुकली. ३४ जणांसमोर 'फेक' म्हटलं की माणूस मेसेजचा विचार करतच नाही, आपली शोभा झाली एवढंच त्याला दिसतं, आणि काकांच्या वयाला तर जास्तच. तेच तू फोनवर किंवा घरी जाऊन, चहा पिता पिता सांगितलं असतंस तर त्यांनी स्वतःच डिलीट केला असता, असं मला वाटतं. गुड मॉर्निंग, काढे, लिंबू-मधाचे फायदे हे एकवेळ जाऊ दे. पण तो ऑडिओ मात्र सोडू नकोस, त्यासाठी काकांकडे मुद्दाम जा आणि त्यांना राईनपाड्याचं सांग.

१ जुलै २०१८, रविवार होता. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा म्हणून गाव आहे, तिथे आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली पाच माणसं, भिक्षा मागून पोट भरणारी, बहुतेक मंगळवेढ्याकडची, बाजारात आली होती. त्या भागात मोबाईलवर तेव्हा हेच फिरत होतं जे काकांनी टाकलंय, मुलं पळवणारी टोळी आलीय. त्यांच्यातला एकजण एका लहान मुलीशी बोलताना दिसला म्हणे, एवढंच निमित्त झालं आणि जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जीव जाईपर्यंत मारलं. पाचही जण गेले. टोळी वगैरे काही नव्हतीच.

त्याच काळात देशभर एक व्हिडिओ फिरत होता, मोटारसायकलवरून दोघं येतात आणि रस्त्यावर खेळणारं पोर उचलून नेतात. तो मुळात कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करायला बनवलेला होता, शेवटी ते दोघं पोराला परत आणून सोडतात आणि मूल पळवायला किती कमी वेळ लागतो अशी पाटी दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापला आणि उरलेला तुकडा खरी घटना म्हणून इकडे फिरला. कापणारा एकच असेल गं, पण पुढे पाठवणारे लाखो होते आणि त्यातल्या प्रत्येकाला वाटत होतं की आपण लोकांना सावध करतोय, चांगलंच काम करतोय. तुझ्या काकांनाही तेच वाटतंय. ते वाईट नाहीत, त्यांना काळजी वाटते म्हणून टाकतात, हे तू आधी मनात पक्कं कर आणि मगच बोलायला जा.

त्यांच्या हातात फोन देऊन एक गोष्ट दाखव. बाहेरून आलेल्या मेसेजच्या वर बारीक अक्षरात 'फॉरवर्डेड' लिहिलेलं असतं आणि शेजारी बाण असतो. एक बाण असेल तर पाठवणाऱ्याने दुसरीकडून उचललाय. दोन बाण असतील तर तो एकामागून एक किमान पाच ठिकाणाहून ढकलला जाऊन आपल्यापर्यंत आलाय, म्हणजे पहिला कोण बोलला ते कुणालाच माहीत नाही. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली, २०१९ मध्ये ती जगभर लागू केली, आणि एप्रिल २०२० पासून दोन बाणांवाला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. मर्यादा का आली ते काकांना कळलं तर ती त्यांना जाचक वाटणार नाही.

आणि मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. काही वर्षांपूर्वी मला एक मेसेज आला, ओ निगेटिव्ह रक्त तातडीने हवंय, खाली मोबाईल नंबर. मी मिनिटभरात चार ग्रुपवर टाकून मोकळी झाले, बरं वाटलं. संध्याकाळी चौकशी करावी म्हणून त्या नंबरला फोन लावला, मिळालं का हो रक्त. पलीकडचा माणूस अगदी शांतपणे म्हणाला, 'ताई, वडिलांना जाऊन दीड वर्ष झालं. अजून रोज दोन-तीन फोन येतात. नंबर बदलायचा तर बँकेत, गॅसला, सगळीकडे तोच आहे.' मला काय बोलावं सुचेना, सॉरी म्हटलं आणि फोन ठेवला. चार ग्रुपवर जाऊन डिलीट केलं पण तोवर तिथून तो किती जणांनी उचलला असेल कुणास ठाऊक, आणि त्या माणसाला आज रात्री माझ्यामुळे किती फोन जातील हाच विचार झोपेपर्यंत डोक्यात होता. तेव्हापासून मेसेजमध्ये नंबर असेल तर आधी फोन, मग फॉरवर्ड. तारीख नसलेला मेसेज माझ्याकडून पुढे जातच नाही.

काकांना एवढंच विचार, कुणाच्या कर्जाला जामीन राहायचं झालं तर तुम्ही डोळे मिटून सही करता का? ते नक्की नाही म्हणतील, त्या पिढीने जामीनकीचे चटके बघितलेत. फॉरवर्ड ही तशीच सही आहे. ग्रुपवरची ३४ माणसं त्या ऑडिओतल्या अनोळखी आवाजावर विश्वास ठेवत नाहीत, ती काकांवर ठेवतात.

प्रश्न : मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपचा ॲडमिन आहे, ११२ सभासद. पार्किंगच्या भांडणात एका सभासदाने दुसऱ्याच्या पत्नीबद्दल फार घाण लिहिलं. मी तेव्हा प्रवासात होतो, रात्री बघितलं. आता सगळे म्हणतात गुन्हा ॲडमिनवर दाखल होतो, तुम्हाला अटक होऊ शकते. मी घाबरून ग्रुप बंद करायच्या विचारात आहे.
— निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली

उत्तर : काका, घाबरू नका. अगदी असंच प्रकरण गोंदिया जिल्ह्यात २०१६ मध्ये झालं होतं, ग्रुपवर एकाने एका बाईबद्दल वाईट लिहिलं आणि ॲडमिनने त्याला काढलं नाही म्हणून ॲडमिनवरच गुन्हा नोंदला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये तो रद्द केला. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं, की ॲडमिन माणसं घेऊ शकतो, काढू शकतो, पण कोण काय लिहिणार हे आधी तपासायची सोय त्याच्याकडे नसते, तेव्हा दोघांनी मिळून ठरवून केलेलं असल्याशिवाय दुसऱ्याच्या लिहिण्यासाठी त्याला जबाबदार धरता येत नाही.

कायद्याने तुम्ही सुटलात, पण त्या बाईंचं काय? तुमच्या पत्रात त्यांच्याबद्दल एक ओळ नाहीये, हे मला वाचताना खटकलं म्हणून स्पष्टच लिहिते, राग मानू नका. त्या निकालानंतर व्हॉट्सॲपने ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायची सोय दिलीय, मेसेजवर बोट दाबून धरा, डिलीट म्हणा, 'सगळ्यांसाठी' निवडा. पण त्याआधी त्याचा स्क्रीनशॉट काढून फक्त त्या बाईंना द्या, कारण तक्रार करायची की नाही हे त्यांनी ठरवायचंय आणि पुरावा त्यांच्याकडे हवा. मग मेसेज काढा, त्या गृहस्थांना फोन करा, लेखी माफी मागेपर्यंत ग्रुपबाहेर ठेवा, आणि ग्रुपवर एक ओळ लिहा की असं लिहिलेलं इथे चालणार नाही. ११२ जणांनी ते वाचलं आणि कुणी चकार शब्द काढला नाही तर त्या बाईंना जिन्यात प्रत्येक चेहरा बघताना काय वाटत असेल. ग्रुप बंद करू नका हो, पाण्याचा टँकर कधी येणार हे विचारायला लोकांना तो लागतो.

प्रश्न : आम्ही चार मित्र पुण्यात कॉट बेसिसवर राहतो. शेजारच्या फ्लॅटमधल्या काकूंचं वायफाय ओपन आहे, पासवर्डच नाही. आम्ही सहा महिने वापरतोय. एक मित्र म्हणतो ही चोरी आहे, बाकीचे म्हणतात त्यांनी उघडं ठेवलंय तर आमची काय चूक?
— सदाशिव पेठेतून

उत्तर : काकूंच्या घराचं दार उघडं असलं तर तुम्ही आत जाऊन फ्रीज उघडाल का? तुमचा तो एक मित्र बरोबर बोलतोय. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय नेटवर्क वापरण्याबद्दल नुकसानभरपाई आहे आणि तेच अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. काकू काही पोलिसात जायच्या नाहीत, ते माहितीये मला, पण मुद्दा वेगळाच आहे आणि तो काकूंच्या दृष्टीने जास्त गंभीर आहे.

२६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा मेल गेला होता. पोलिसांनी माग काढला तर तो निघाला नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटमधून. तिथे राहणाऱ्या परदेशी गृहस्थाचा त्या मेलशी काही संबंध नव्हता, त्याचं वायफाय उघडं होतं आणि कुणीतरी बाहेरून वापरलं होतं. पण बाहेरून दिसतो तो राउटरचा आयपी पत्ता (नेटवर त्या कनेक्शनची ओळख सांगणारा नंबर), म्हणजे ज्याच्या नावावर कनेक्शन त्याचंच दार आधी वाजतं, कॉम्प्युटर जप्त होतो, चौकश्या होतात. त्यानंतर ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या एका कॉलेजचं आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली स्फोटांच्या वेळी चेंबूरच्या एका कंपनीचं वायफाय असंच वापरलं गेलं. तीनही ठिकाणची माणसं आपापल्या कामात होती, त्यांना पत्ताच नव्हता.

म्हणून आज संध्याकाळी चौघं मिळून काकूंकडे जा. खरं काय ते सांगा, सहा महिन्यांचे तुमच्या वाट्याचे पैसे देऊ करा (त्या घेणार नाहीत बहुतेक, तरी द्या), आणि त्यांच्या राउटरला नीट पासवर्ड लावून द्या. सेटिंगमध्ये सुरक्षेचा प्रकार म्हणून डब्ल्यूपीए-टू किंवा थ्री निवडा, आणि राउटरचा स्वतःचा पासवर्ड, जो कंपनीने दिलेला 'ॲडमिन'च असतो बहुतेक घरांत, तोही बदला, एका वहीत लिहून त्यांच्याकडे द्या. पासवर्ड तुम्ही लावलाय म्हणजे तुम्हाला तो माहीत असणार, तेव्हा तुम्ही तोंड फिरवा आणि काकूंना शेवटची चार अक्षरं स्वतः टाकू द्या. त्या आपणहून म्हणाल्या की वापरा रे पोरांनो, तर गेस्ट नेटवर्क वेगळं काढून घ्या आणि रात्री त्यांची नातवंडं परदेशातून व्हिडिओ कॉल करतात त्या वेळात मॅच आणि डाउनलोड बंद ठेवा.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. पालकांच्या ग्रुपवर रात्री साडेअकराला 'उद्या चित्रकलेची वही आणायची का' असे मेसेज येतात. उत्तर नाही दिलं तर परत प्रश्नचिन्हं पाठवतात. काय करू?
— परभणी

उत्तर : बाई, ग्रुपच्या सेटिंगमध्ये 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात' हे चालू करा, संध्याकाळी सहाला उद्याचं सगळं एका मेसेजमध्ये टाका, आणि पालकांना सांगा की अडचण असेल तर फोन सात वाजेपर्यंत. मूल आजारी असेल तर केव्हाही. आणि पालकांनो, हे वाचत असाल तर, मेसेज केव्हाही पाठवता येतो म्हणून केव्हाही पाठवायचा नसतो, बाईंच्या घरीही मुलं आहेत.

प्रश्न : माझा नातू तीन वर्षांचा आहे, बंगलोरला असतो. मुलगा-सून फोटो पाठवतात, ते मी कौतुकाने फेसबुकवर टाकते, माझ्या मैत्रिणी छान छान लिहितात. परवा सून म्हणाली, आई प्लीज सगळे काढून टाका आणि यापुढे टाकू नका. मला फार लागलं. माझा नातू नाही का तो?
— सांगली

उत्तर : तुमचाच आहे हो, आणि लागलं असणारच. पाच वर्षं नोकरी, पाहुणे, सगळं सांभाळून वाट बघितलेलं नातवंड तीनशे मैलांवर असावं आणि त्याचा फोटो मैत्रिणींना दाखवायलाही बंदी, हे जड जातंच. तरीही मी सूनबाईंच्या बाजूने आहे. का ते तुमच्याच एका फोटोवरून सांगते, तुम्ही पत्रासोबत दोन फोटो पाठवले होतेत (ते मी कुणाला दाखवले नाहीत आणि फाडून टाकलेत).

पहिल्यात बाळ प्लेग्रुपला निघालंय. गोड दिसतंय. पण त्याच्या शर्टवर शाळेचं नाव आहे, गळ्यात ओळखपत्र आहे ज्यावर त्याचं पूर्ण नाव आणि आईचा मोबाईल नंबर वाचता येतो, आणि मागे दारावर फ्लॅट नंबराची पाटी आहे. खाली तुम्ही लिहिलंय 'आमचं सोनुलं आज तीन वर्षांचं झालं', म्हणजे जन्मतारीख झाली. एका फोटोत एखाद्या अनोळखी माणसाला पोराचं लाडाचं नाव, शाळा, पत्ता, आईचा नंबर, सगळं मिळालं. तो शाळेच्या गेटवर जाऊन 'सोनू, आजीने पाठवलंय' म्हणाला तर? दुसरा फोटो अंघोळीचा होता. तो तर कुठेच नको, आजी, खरंच नको. तुमच्या माझ्या डोळ्यांना त्यात काही नाही पण असे फोटो उचलून भलतीकडे वापरणारी माणसं जगात आहेत, आणि एकदा कुणी उतरवून घेतला की तुम्ही तुमच्याकडून काढलात तरी त्याच्याकडचा जात नाही.

आणखी एक. फेसबुकवर खातं उघडायला तेरा वर्षं पूर्ण लागतात. आपण मात्र पोराला विचारायच्या आधीच त्याची तेरा वर्षं तिथे मांडून ठेवतो. मोठा झाल्यावर त्याला स्वतःचं काय दाखवायचं ते त्याने ठरवावं, तोवर त्याच्या आईबाबांनी, आणि यात आजी-आजोबा, आत्या, मावशी, कुणाचाच नंबर त्यांच्या आधी लागत नाही.

मार्ग आहे. मुलाला सांगून घरच्यांपुरता एक छोटा ग्रुप किंवा शेअर केलेला अल्बम करा, फोटो तिथे येऊ देत. मैत्रिणींना दाखवायचे तर भजनी मंडळात फोन हातात देऊन दाखवा. आवडलेले दहा फोटो स्टुडिओतून कागदावर काढून आणा. आणि सूनबाईंना आज फोन करून म्हणा की काढले सगळे, तिला धाकधूक असणार की आई रागावल्या.

प्रश्न : मी जर्मनीत, फ्रँकफर्टजवळ राहतो आणि इथल्या मराठी मंडळाचं सेक्रेटरीपद या वर्षी माझ्याकडे आहे. गणपतीचा मेल मी २४० सभासदांना एकदम 'टू'मध्ये टाकून पाठवला. मग पन्नास जणांनी 'रिप्लाय ऑल' करून मोदकांपासून पार्किंगपर्यंत सगळं लिहिलं, शेवटी दोघांनी मंडळच सोडलं. एकजण म्हणतोय मी कायदा मोडला. खरंच?
— एक सेक्रेटरी

उत्तर : हो, त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मे २०१८ पासून युरोपात जीडीपीआर हा वैयक्तिक माहिती जपण्याचा कायदा लागू आहे आणि त्यात माणसाचा मेल पत्ता ही त्याची वैयक्तिक माहिती धरतात, ती त्याला न विचारता २३९ जणांना वाटणं बसत नाही. कमिटीला सांगा, सभासदांना एक माफीचा मेल पाठवा, आणि तो पाठवताना 'टू'मध्ये मंडळाचा स्वतःचा पत्ता आणि बाकी सगळे बीसीसीमध्ये. बीसीसीत टाकलं की कुणाला कुणाचा पत्ता दिसत नाही आणि रिप्लाय ऑल केलं तरी ते मंडळाकडेच येतं, ही पन्नास मेलांची माळ लागतच नाही.

हे दुखणं जुनंच आहे. ३ मे १९७८ ला अमेरिकेत एका कॉम्प्युटर कंपनीच्या विक्रेत्याने त्या वेळच्या अर्पानेट नावाच्या नेटवर्कवर जवळपास ४०० जणांना एकदम जाहिरात पाठवली होती आणि लोक भयंकर चिडले होते, पहिला स्पॅम म्हणून तोच सांगतात. भारतात आपल्यासारख्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलकडून, आणि गंमत बघा, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नेटवर वागायचं कसं याचा एक दस्तऐवज निघाला, आरएफसी १८५५ त्याचं नाव, सॅली हॅम्ब्रिज नावाच्या इंटेलमधल्या बाईंनी तो लिहिला. त्यात सगळं आहे हो. साखळी पत्रं पाठवू नका, सगळी अक्षरं कॅपिटलमध्ये लिहिलं की ओरडल्यासारखं वाटतं, पोस्टकार्डावर लिहिणार नाही ते मेलमध्ये लिहू नका, राग आला असेल तर उत्तर रात्रभर थांबून द्या, कुणी तुम्हाला एकट्याला लिहिलेलं असेल तर ते ग्रुपवर टाकण्याआधी त्याला विचारा. मी क्लासमध्ये एमएस-सीआयटीच्या बॅच घ्यायचे तेव्हा पहिल्या दिवशी माऊस कसा धरायचा ते शिकवायचे आणि दुसऱ्या दिवशी हे. कोर्समध्ये ते नव्हतं, पण गाडी चालवायला शिकवताना हॉर्न कधी वाजवायचा ते नको का सांगायला?

जे दोघं सोडून गेले त्यांना मेल नको. फोन करा.

प्रश्न : माझी एक कविता दिवाळी अंकात आली होती. तीन वर्षांनी ती मलाच फॉरवर्ड होऊन आली, खाली 'अनामिक'. मागच्या महिन्यात परत आली, या वेळी एका नामवंत कवीचं नाव आणि दोन ओळी बदललेल्या. मी लिहिलं की ही माझी आहे, तर पाठवणाऱ्या बाई म्हणाल्या, जाऊ द्या हो, लोकांपर्यंत पोचतेय ना!
— चिपळूण

उत्तर : नाही जाऊ द्यायचं. कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम ५७ लेखकाला एक हक्क देतं की माझं लिखाण माझ्या नावाने ओळखलं जावं आणि त्याची मोडतोड होऊ नये, आणि हा हक्क कॉपीराइट विकून टाकला तरी लेखकाकडेच राहतो. तुम्ही अंकातल्या त्या पानाचा फोटो काढून ठेवा, वर अंकाचं नाव आणि वर्ष दिसेल असा, आणि कविता जिथे दिसेल तिथे तो फोटो आणि एक ओळ, 'ही कविता माझी आहे, मूळ अशी आहे, कृपया नावासह पाठवा.' वाद घालू नका, तोच मजकूर प्रत्येक ठिकाणी. निम्मे लोक मनापासून सॉरी म्हणतील, कारण नाव त्यांनी काढलेलं नसतं, तसंच आलेलं असतं.

आणि पाठवणाऱ्यांनी, कवी माहीत नसेल तर 'कवीचं नाव मला माहीत नाही, कुणाला माहीत असल्यास सांगा' एवढं लिहावं. मोठ्या माणसाचं नाव चिकटवू नये, त्यात दोघांचा अपमान होतो, जिची कविता तिचा आणि ज्याच्या नावावर न लिहिलेलं खपवलं त्याचाही.

प्रश्न : ताई, फार लाज वाटतेय लिहायला. मला मैत्रिणीच्या नंबरवरून मेसेज आला, 'चुकून माझा कोड तुझ्याकडे आलाय, सहा आकडे पाठव.' मी पाठवले. माझं व्हॉट्सॲप बंद झालं आणि माझ्या नावाने आमच्या भिशीच्या ग्रुपमधल्या सगळ्यांकडे पैसे मागितले. एकीने आठ हजार पाठवले. मी अजून कुणाला नीट सांगितलं नाहीये, मिस्टरांनाही नाही. आज तिसरा दिवस आहे.
— कोल्हापूर

उत्तर : तुमचं पत्र मेलने आलं त्या दिवशीच मी उत्तर पाठवलं होतं, पण असं अनेकींचं होतंय म्हणून तुमच्या परवानगीने इथे देते.

लाज तुम्हाला वाटायचं कारण नाही, ज्याने फसवलं त्याने वाटून घ्यावी. पण गप्प बसू नका, कारण तुम्ही गप्प आहात तोवर तो तुमच्या नावाने बोलतोय. आधी घरातल्या कुणाच्याही फोनवरून भिशीतल्या एकीला साधा फोन करा आणि तिला ग्रुपवर लिहायला सांगा की हा नंबर सध्या तिच्या हातात नाही, पैसे पाठवू नका. मग तुमच्या फोनवर व्हॉट्सॲप काढून परत टाका, तुमचाच नंबर घाला, एसएमएसने सहा आकडी कोड येईल तो भरा. तो भरला की चोर बाहेर फेकला जातो. त्याने वर स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला आत जायला सात दिवस थांबावं लागेल, तरी त्यालाही तुमचं खातं वापरता येत नाही. परत मिळालं की 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये अनोळखी काही दिसतंय का बघा, असेल तर काढा, आणि 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' चालू करून तुमचा पिन लावा. तो सहा आकडी कोड म्हणजे घराची किल्ली आहे, सख्ख्या बहिणीने मेसेजमधून मागितला तरी आधी तिला फोन लावायचा. पैसे मागितले तरी तेच, आधी आवाज ऐकायचा, आणि आवाज घाईत वाटला तर असं काहीतरी विचारायचं जे तिलाच माहीत असेल.

आठ हजारांचं म्हणाल तर १९३० हा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे, सायबर फसवणुकीसाठी. पैसे जिच्या खात्यातून गेले तिने फोन करायचा असतो, कारण बँकेचा मेसेज, व्यवहाराचा नंबर सगळं तिच्याकडे आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी ते पैसे पुढे सरकण्याआधी वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त. तीन दिवस गेलेत, तरी करा. नंतर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार भरता येते, तिला जमणार नसेल तर तुम्ही तिच्याकडे जाऊन बसा, मेसेजचे स्क्रीनशॉट आणि पासबुक समोर घेऊन. मिस्टरांनाही सोबत न्या.